नाडी लांबून मोजता येत नाही

दहिवडी-म्हसवडकडच्या आपल्या मुली जीएनएमला किंवा बी.एस्सी. नर्सिंगला निघाल्या की वस्तीतलेच काही शहाणे नाक मुरडतात. म्हणे, शिकून शेवटी दुसऱ्याची घाणच उपसायची. हे वाक्य मूळचं आपलं नाही. जातीनं ते आपल्या तोंडात कोंबलंय.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची 1929 सालची हकीकत नोंदवली आहे. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. जुलाब, सुजलेली छाती, कोंडलेला श्वास, बरगड्यांत कळा. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नव्हता. नगरशेठनं दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा आला, तोही बाईला वस्तीबाहेर आणायच्या अटीवर. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाकडे दिला, त्यानं नवऱ्याकडे, नवऱ्यानं बायकोकडे. त्याच वाटेनं तो परत आला. दिव्याच्या उजेडात पारा बघून निदान झालं: न्यूमोनिया. नंतर बोलावूनही डॉक्टर आला नाही. बाई वाचली नाही.

आता मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचं पुस्तक उघडा. न्यूमोनियाच्या प्रौढ रुग्णाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. मिनिटाला 12 ते 20 हे साधारण प्रमाण. मनगटावर बोटं ठेवून नाडी, 60 ते 100. छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात का, ओठ-नखं निळी पडतात का, बेडक्याचा रंग कसा आहे. पाठीला आधार देऊन बसतं करायचं, पाणी पाजत राहायचं, कूस बदलायची. यातलं काय त्या थर्मामीटरला कळलं? एक ताप, बस्स. पेनिसिलिन सर्रास वापरात आलं 1940 च्या दशकात. म्हणजे 1929 मध्ये त्या बाईला जगवायची जी काही शक्यता होती, ती बरीचशी या शुश्रूषेतच होती. तीच अस्पृश्यतेनं नाकारली. जिला आपण हलकं काम म्हणतो, ती ही गोष्ट.

त्याच्या 32 वर्षं आधी, 1897 च्या प्लेगात, आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक पुण्यात काय करत होती? डॉ. यशवंतांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्ण पोचवत होती. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर आणलं. संसर्ग झाला, 10 मार्चला त्या गेल्या. त्यांचा शिक्षिका म्हणून गौरव आपण करतो, तो हवाच. पण हे दुसरं काम भाषणात एका वाक्यात उरकतो.

माणदेशातला माणूस मोठं दुखणं आलं की आजही मिरज गाठतो. तिथे वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशनचं रुग्णालय उघडलं. पुढे परिचारिकांचं शिक्षणही सुरू झालं. मिशनच्या सेवेवर आपले आक्षेप असू शकतात, धर्मांतराचा हेतू लपलेला नव्हता. पण सवर्ण घरांना जखम धुणं, बेडपॅन उचलणं विटाळाचं वाटत होतं, तेव्हा या कामाला वर्ग, परीक्षा आणि प्रमाणपत्र मिळालं. गावात बाळाची नाळ कापणाऱ्या मांगवाड्यातल्या सुईणीला मात्र ते कधीच मिळालं नाही. हात तिचे चालले, घरात घेतल्यावर गोमूत्रही तिच्या मागूनच शिंपडलं गेलं.

दवाखान्याच्या कमानीवर डॉक्टरचं नाव असतं. रात्रपाळीत दर दोन तासांनी कूस बदलणारीचं कुठेच नसतं. आपल्या वस्त्यांत निवृत्त नर्सबाई आहेत, म्हाताऱ्या सुईणी आहेत. येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे बसा. कुठे शिकल्या, पहिली जखम कुणाची धुतली, पाणी कुणी वरून वाढलं, सगळं तारखेसकट लिहून घ्या.