रिकाम्या रस्त्याची साक्ष

#थ्रेड

१/ रस्त्याचे छायाचित्र, पण त्यात एकही माणूस नाही. तरीही नजर तिथेच का खिळते? कारण रस्ता माणसांसाठीच असतो. तो रिकामा दिसताच मनात प्रश्न उभा राहतो : माणसे गेली कुठे? इतिहासात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे सापडतात.

२/ १८३८, पॅरिस. लुई दागेर याने खिडकीतून एक वर्दळीचा हमरस्ता टिपला. प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागत. तेवढ्यात चालती माणसे आणि धावत्या घोडागाड्या चित्रातून निसटल्या. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक जण. रस्ता भरलेला होता. कॅमेरा मंद होता.

३/ पुढे त्याच शहरात युजीन आत्जे याने जुन्या गल्ल्या अनेकदा भल्या पहाटे, निर्मनुष्य असताना टिपल्या. ही छायाचित्रे गुन्ह्याच्या जागेसारखी भासतात, असे वॉल्टर बेन्यामिन या विचारवंताने म्हटले. तिथे पाहणारा आपोआप पुरावे शोधू लागतो.

४/ १८९६-९७, मुंबई. प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी शहर सोडले. प्लेग आढळलेल्या घरांवर वर्तुळे रंगवली जात. अशा दारासमोर माणूस उभा नसला, तरी ते वर्तुळच घरातली हकिकत सांगते.

५/ आणि बीड. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मागे राहतात ती बहुधा वृद्ध माणसे आणि काही मुले.

६/ त्या काळातील गल्लीचे छायाचित्र नीट पाहावे. दाराला कुलूप. अंगणात सडा नाही. बैल गाडीसोबत गेलेले, म्हणून दावण मोकळी. माणूस चौकटीत नाही, पण प्रत्येक वस्तू त्याच्याविषयीच बोलते.

७/ कारखान्याच्या तळावर हे मजूर कोपीत राहतात. हंगाम सरला की कोपीही उठते. तिथे त्यांची खूण उरत नाही. त्यामुळे गावातले ते कुलूप हा त्यांच्या स्थलांतराचा मोलाचा पुरावा ठरतो.

८/ मात्र तारखेविना हा पुरावा मुका आहे. तीच गल्ली पावसाळ्यात गजबजलेली असते. महिना ठाऊक नसेल, तर उद्याचा वाचक गाव ओस पडले असे समजेल आणि राबणारी माणसे इतिहासातून दुसऱ्यांदा गहाळ होतील. म्हणून रिकाम्या रस्त्याचे छायाचित्र जपताना गाव, गल्ली आणि दिनांक अवश्य नोंदवावा.