डी लिहिलेली नळी

दार ढकलताच अंगावर शहारा येतो. बाहेर ऋतू कुठलाही असो, आत चार अंश सेल्सिअस. साल १९८०. तुम्ही सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आहात, रॉबर्ट रोडर यांच्या प्रयोगशाळेतल्या शीतखोलीत.

समोर फॉस्फोसेल्युलोज भरलेला काचेचा उभा स्तंभ. त्यातून माणसाच्या कर्करोगपेशींचा अर्क थेंबथेंब खाली उतरतोय. या पेशींना इथे केबी म्हणतात. खरं तर त्या मुळात हेनरिएटा लॅक्स यांच्याच हीला पेशी आहेत. पण ती भानगड आज नको. पोटॅशियम क्लोराइड टप्प्याटप्प्याने वाढवलं जातं आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी प्रथिनं स्तंभाची पकड सोडतात. एकेका टप्प्याचा अंश एकेका नळीत जमतो आणि नळ्यांवर अक्षरं पडतात: ए, बी, सी, डी. सगळ्यात चिवट ती डीमधली. या नळीतल्या प्रथिनसमूहाचं, पुढे पाठ्यपुस्तकांत रुबाबात बसणारं टीएफआयआयडी हे नाव या अक्षराचीच देणगी.

एवढा खटाटोप कशासाठी? जनुकावरून आरएनए लिहिणारं पॉलिमरेज-२ तर रोडर यांनी १९६९मध्येच वेगळं काढलंय. पण शुद्ध करून एकटं सोडलं, की ते डीएनएवर वाटेल तिथून लिहायला लागतं. जनुकाची सुरुवात त्याला सापडतच नाही. ती दाखवणारे मदतनीस या नळ्यांत शोधायचेत.

आता अंधारखोलीत या. एक्स-रे फिल्म विकसक द्रावात बुडते. किरणोत्सारी आरएनए असेल तिथे काळी रेघ उमटणार. नुसतं पॉलिमरेज: रेघ नाही. डी वगळून बाकीचे अंश घातले: रेघ नाही. नुसता डी घातला, तरीही नाही. आणि हवे ते सगळे अंश एकत्र केल्यावर, अपेक्षित लांबीच्या जागी, एक ठसठशीत रेघ. नमुना म्हणून घेतलेलं अ‍ॅडिनोविषाणूचं जनुक परीक्षानळीत बरोब्बर जागेवरून सुरू झालंय.

इथल्या कुणालाही न दिसणारं तुम्हाला ठाऊक आहे. डीमध्ये टीबीपी नावाचं प्रथिन आहे, सोबत त्याचे डझनभर साथीदार. जनुकाच्या सुरुवातीच्या सुमारे तीस अक्षरं आधी, टी आणि ए यांच्या दाटीत, ते डीएनएवर खोगिरासारखं बसतं आणि त्या ताठ दुहेरी धाग्याला चक्क काटकोनाच्या आसपास वाकवतं. या वाकणावर टीएफआयआयबी नावाचं आणखी एक प्रथिन येऊन टेकतं, त्याच्या आधाराने पॉलिमरेज जागेवर येतं, आणि मग टीएफआयआयएच हा दुसरा प्रथिनसमूह एटीपीतली ऊर्जा खर्चून दोन धागे विलग करतो. सगळ्याच जनुकांपुढे ही टी-एची खूण नसते, बहुतेकांपुढे नसतेच. तिथेही टीएफआयआयडी लागतंच, फक्त जागा ओळखण्याचा भार साथीदारांवर जास्त पडतो.

सांगून टाकावंसं वाटतं ना? नका सांगू. टीबीपीचं जनुक हाती यायला १९८९ उजाडेल, तेही आधी यीस्टमधून. तोवर इथे डीची नळी पुन्हा पुन्हा नव्या स्तंभावर चढत राहणार. बाजूला व्हा, पुढचा अर्क येतोय.