दोन डॉक्टरांची औषधे एकत्र घेताना: धोका संगणकाला कसा कळतो?

समजा, घाटकोपरला राहणाऱ्या तुमच्या आजींना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी एकत्र गोळी सुरू आहे. गुडघे दुखले की त्या मेडिकलमधून कॉम्बिफ्लॅम आणतात. प्रत्येक औषध आपापल्या जागी योग्य असते. पण तिन्ही एकत्र आली, त्यात जुलाब-उलट्या झाल्या, तर किडनीला इजा होऊ शकते.

संगणक हे कसे ओळखतो?

औषधांच्या नात्यांची एक शिस्तबद्ध वही संगणकात असते. तिला ऑन्टोलॉजी म्हणतात. त्यात असे दुवे असतात:

- कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल आहे.
- आयबुप्रोफेन 'एनएसएआयडी' गटातले आहे. हा गट किडनीकडे येणारा रक्तप्रवाह कमी करतो.
- टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतला दाब कमी करते.
- हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकते.

हे दुवे जोडून इशारा तयार होतो. कॉम्बिफ्लॅमऐवजी डायक्लोफेनॅक लिहिले तरी तोच इशारा येतो, कारण गट तोच. पेनिसिलिनची अॅलर्जी नोंदवलेली असेल, तर अॅमॉक्सिसिलिन लिहिताच सूचना येते, तीही अशीच.

स्नोमेड सीटी ही अशीच एक जागतिक वैद्यकीय शब्दरचना आहे. भारत २०१४ मध्ये तिचा सदस्य झाला. आपल्याकडे तिचे काम पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्र पाहते.

संगणकाला काय कळत नाही?

जे नोंदवलेले नाही, ते त्याला दिसत नाही. चिठ्ठीशिवाय आणलेली गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, शेजाऱ्यांनी दिलेले औषध यांपैकी काहीच नाही. शिवाय इशारा म्हणजे बंदी नव्हे. वय, क्रिएटिनिन आणि गरज पाहून निर्णय डॉक्टरच घेतात.

तुम्ही काय करावे?

- सर्व औषधांची एकच यादी ठेवा. ब्रँडच्या नावाखालचे घटकाचे नावही लिहा.
- प्रत्येक डॉक्टरांना आणि केमिस्टला ती दाखवा. अॅलर्जी सर्वात वर लिहा.
- रक्तदाबाची गोळी चालू असताना वेदनाशामक घेण्याआधी विचारा.
- जुलाब-उलट्या झाल्यास वेदनाशामक थांबवा आणि बाकीच्या गोळ्यांबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रक्तदाबाची गोळी एरवी स्वतःहून बंद करू नका.
- लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठा.