रॉटिंगडीन : तळ्याकाठचीं दोन घरें

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारांत झाडींमध्यें एक हिरवा बंगला आहे. ३० डिसेंबर १८६५ रोजीं रडयार्ड किपलिंग या आवारांत जन्मला, म्हणून लोक तो बंगला पाहावयास जातात. मूळची वास्तु केव्हांच गेली, आजची मागाहून बांधलेली आहे, हें पाहणारांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें. मुंबईंत जन्मलेल्या या लेखकाच्या दुसऱ्या एका घराकडे आज आपणांस जावयाचें आहे. तें मात्र खरोखरच उभें आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनच्या पूर्वेस सुमारें चार मैलांवर, रॉटिंगडीन या खेड्यांत.

खडूच्या टेकड्यांमधून रस्ता समुद्राकडे उतरतो. वरच्या अंगास तळें, हिरवळ, सेंट मार्गारेटचें जुनें चर्च आणि भोंवतीं गारगोटीच्या भिंतींचीं घरें. लेखकांचीं व चित्रकारांचीं घरें दाखवीत येथें फेऱ्या निघतात. मार्गदर्शक पुढें, मंडळी मागें. चालणें थोडें आणि ऐकणें फार.

मंडळी रेंगाळतात तीं ‘द एल्म्स’ या घराच्या भिंतीपाशीं. १८९७ पासून १९०२ पर्यंत किपलिंग येथें राहिला. ‘किम’ १९०१ सालीं आणि ‘जस्ट सो स्टोरीज’ १९०२ सालीं प्रसिद्ध झालें, तें या काळांतच. त्यांतील दुसऱ्या पुस्तकांतल्या कांहीं गोष्टी त्यानें प्रथम आपल्या थोरल्या मुलीला, जोसेफीनला, सांगितल्या होत्या. १८९९ च्या आरंभीं कुटुंब अमेरिकेस गेलें असतां बापलेक दोघेही न्युमोनियानें अंथरुणास खिळलीं. बाप वांचला, सहा वर्षांची मुलगी गेली. परत आल्यावर या घरांत आणि बागेंत जिकडे तिकडे त्याला तीच दिसे. आणि अशा वेळीं भिंतीबाहेर काय चालले होतें? ब्रायटनहून घोड्यांच्या बसगाड्या भरून लोक येत, गाडी फाटकापाशीं थांबे आणि वरच्या मजल्यावरचे उतारू बागेंत डोकावून प्रसिद्ध लेखक पाहात! अखेर १९०२ सालीं तो त्याच परगण्यांतील बर्वॉश गांवीं निघून गेला. फेरींत हा प्रसंग हंसत सांगण्याजोगा आहे. पण ऐकणारा स्वतः त्याच भिंतीकडे माना उंचावून पाहात असतो, हें विसरूं नये.

मला स्वतःला तळ्याजवळचें दुसरें घर, ‘नॉर्थ एंड हाउस’, अधिक मोलाचें वाटतें. चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यानें १८८० सालीं येथें घर घेतलें. त्याची पत्नी जॉर्जियाना ही किपलिंगची सख्खी मावशी. १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवाच्या वेळीं किपलिंगनें ‘रिसेशनल’ ही कविता पुरी केली ती याच घरांत. कवीनें टोपलींत टाकलेला कागद एका पाहुणीनें उचलला, असें सांगतात. साम्राज्याला नम्रतेची आठवण देणारी ती कविता १७ जुलै रोजीं ‘टाइम्स’मध्यें छापून आली.

पण कवितेंतील नम्रता ही एक गोष्ट आणि मावशीबाईंची करणी ही दुसरी. १९०२ सालीं बोअर युद्धांत तह होऊन देशभर जल्लोष चालला असतां, ‘आम्हीं माणसें मारलीं आणि वर त्यांच्या भूमीचा ताबाही घेतला’ अशा अर्थाचे, बायबलांतून उचललेले शब्द एका मोठ्या निळ्या कापडावर लिहून तें बाईंनीं आपल्या घराबाहेर टांगलें. गांव खवळलें. लोकांची समजूत घालण्यास धांवला कोण? तर त्या युद्धाचा कट्टर कैवारी असलेला भाचा. आपल्याकडे किपलिंगचें नांव निघालें कीं साम्राज्याचा भाट एवढेंच शब्द तोंडीं येतात, आणि ते अन्यायाचे आहेत असें मी म्हणणार नाहीं. परंतु मावशीच्या दारांत गर्दीसमोर उभ्या असलेल्या या माणसाला त्या वेळीं काय वाटलें असेल, हा प्रश्न त्याच्या पुस्तकांपेक्षां या हिरवळीवरच अधिक सुचतो.

ही हकीकत आपणांस कळते ती बाईंची नात, कादंबरीकर्त्री अँजेला थर्केल, हिच्या ‘थ्री हाउसेस’ (१९३१) या पुस्तकांतून. लहानपणीं ‘जस्ट सो’ गोष्टी तिनें किपलिंगच्याच तोंडून ऐकल्या होत्या. खोडी केल्यावर तिला ज्या कोपऱ्यांत उभें करीत, त्या कोपऱ्याच्या भिंतीवर आजोबांनीं मांजर, पिल्लूं आणि पांखरें रंगविलीं होतीं; शिक्षा भोगणाऱ्या नातीला सोबत असावी म्हणून! पुढें याच घरांत एनिड बॅग्नोल्ड राहावयास आली. तिची ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ ही कादंबरी १९३५ ची.

फेरी शेवटीं ‘एल्म्स’च्या बागेंत शिरते. १९८० नंतरच्या दशकांत या जागेवर बांधकाम होण्याची वेळ आली होती. गांवच्या एका संस्थेनें ती विकत घेऊन बाग पुन्हां फुलविली आणि ती नगरपालिकेच्या स्वाधीन केली. तेथें आतां कोणीही जाऊन बसावें. घर मात्र खासगी आहे. तें भिंतीबाहेरूनच पाहावें लागतें.