बाडाचे रचनातत्त्व

मराठी वाङ्मयेतिहासाने ग्रंथाचा इतिहास लिहिला. वहीचा लिहिला नाही. एका व्यक्तीने किंवा घराण्याने, विषयाचे बंधन न मानता, वेळोवेळी जे टिपून ठेवले त्याची बोळवण ‘संकीर्ण’ वा ‘स्फुट’ या सदरांत झाली. ही सदरे उरलेल्या मजकुराची आहेत. त्यांतून त्या लेखनाचे स्वरूप कळत नाही. ते जाणून घेण्यासाठी लेखनसामग्रीपासून आरंभ करावा लागतो, आणि मग जुन्नरकडे वळणे अपरिहार्य ठरते.

जुन्नर हे हातकागदाचे जुने केंद्र होते. तेथील कागदी कारागीर चिंध्या-तरटांचा लगदा करून ताव उचलीत, वाळवीत, त्यांना खळ देऊन घोटीत. ‘जुन्नरी’ हे कागदाच्या एका जातीचेच नाव झाले होते. पुढे गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा व्यवसाय मागे पडला.

हातकागदाचा वापर प्रामुख्याने दोन रीतींनी होई. पोथीची पाने सुटी असत. बाडाची लांबट, अरुंद पाने एका टोकाशी शिवलेली असत. मात्र सुट्या पानांच्या पोथीत सहसा एकच संहिता असे, तर शिवलेल्या बाडात पदे, आरत्या, औषधे, मुहूर्त आणि देण्याघेण्याचे हिशेब शेजारी शेजारी नांदत. पोथीची एकात्मता संहितेतून येते, बाडाची ते राखणाऱ्या माणसातून. बाडाचे रचनातत्त्व हेच आहे.

वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला आणि घरोघरच्या दप्तरांना प्रतिष्ठा लाभली. ती साधन म्हणून लाभली. जेधे शकावलीचे उदाहरण बोलके आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेली आणि लोकमान्य टिळकांमुळे अभ्यासकांपुढे आलेली ही टिपणे शके १५४० ते १६१९ या काळाची आहेत. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला, या निर्णयाचा ती एक मुख्य आधार ठरली. इतिहासकाराने तिला विचारले ते विश्वासार्हतेविषयी, आणि ते रास्तच होते. राज्यातील घडामोडींशेजारी घराण्याच्या वार्ता मांडणाऱ्या दृष्टीचा प्रश्न मात्र वाङ्मयसमीक्षेचा होता. तो समीक्षेने विचारला नाही.

मुद्रणयुगातही हे तत्त्व लोपले नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४) हे मासिक असले, तरी भाषा, इतिहास, कविता आणि वाद यांना तेथे एकत्र धरणारी गोष्ट एकाच लेखकाचा हात हीच होती. ओतूर (ता. जुन्नर) येथे १९४४ साली जन्मलेल्या अनिल अवचट यांच्या लेखनापुढेही वर्गीकरण अडखळते. ‘माणसं’, ‘स्वतःविषयी’, ‘छंदांविषयी’ यांना वृत्तलेखन म्हणावे, आत्मपर लेखन म्हणावे की ललितगद्य? कष्टकऱ्यांचे जिणे आणि स्वतःचे छंद यांना सारख्याच साधेपणाने सामोरी जाणारी लेखकाची जिज्ञासा हेच त्यांचे सूत्र आहे. बाडाशी अवचटांचे थेट नाते सांगता येणार नाही. साम्य आहे ते रचनातत्त्वाचे.

हा प्रश्न केवळ संज्ञेचा नाही. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. अशा वेळी घर सोडणारा माणूस जमिनीचे कागद आधी उचलतो, कारण त्यांवर हक्क अवलंबून असतो. बाडावर कोणाचाच हक्क अवलंबून नसतो. ते वाचलेच, तर अभ्यासक त्यातील पदे एकीकडे आणि हिशेब दुसरीकडे नोंदवतो. मजकूर टिकतो; पण कोणत्या पदानंतर कोणते औषध आणि कोणत्या हिशेबानंतर कोणती आरती लिहिली गेली, हा क्रम मोडतो. बाड राखणाऱ्याने बहुधा स्वतःचे नावही लिहिलेले नसते. त्याच्या असण्याचा पुरावा त्या क्रमातच असतो. म्हणून बाडाची सूची करताना विषयवारीआधी पानांचा क्रम नोंदवला गेला पाहिजे.