दिनविशेष : ९ फेब्रुवारी
१९१६ : आधुनिक भारतीय वास्तुकलेचे एक अग्रणी अच्युत कानविंदे यांचा कोकणातील आचरा येथे जन्म. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली शिकून ते हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे गेले. परतल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुविशारद झाले. १९५५ मध्ये त्यांनी शौकत राय या अभियंत्याबरोबर दिल्लीत स्वतःची संस्था काढली. आराखडा करणारा आणि बांधकामाचे गणित जाणणारा बरोबरीने बसल्याचा लाभ पुढे प्रत्येक इमारतीत दिसतो. आयआयटी कानपूरच्या आवारात त्यांनी पादचाऱ्यांना सावलीच्या वाटा दिल्या, वाहने बाहेरच्या बाजूला ठेवली. मेहसाण्याची दूधसागर डेअरी तर कारखान्याच्या वास्तुरचनेचा वस्तुपाठच : दूध वरून खाली उताराने वाहते, म्हणून यंत्रे मजल्यांवर चढत गेली आणि छतावरच्या उंच धुराड्यांसारख्या झरोक्यांतून गरम हवा बाहेर पडते. पिंपरी-चिंचवड, चाकणसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात काम करू पाहणाऱ्या तरुण वास्तुविशारदांनी ही इमारत अवश्य अभ्यासावी. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्रही त्यांचेच. निधन २८ डिसेंबर २००२.