जालना जिल्ह्यातील अर्थशास्त्र पदवीधरांच्या व्यवसायसंधी

जालना जिल्ह्यातील अर्थशास्त्र पदवीधरांना शासकीय सेवा, बँका, सहकार, कृषी उद्योग आणि अध्यापन ही प्रमुख व्यवसायक्षेत्रे उपलब्ध आहेत. अर्थतज्ज्ञ म्हणून नेमणूक होणाऱ्या बहुतेक पदांसाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. केवळ बी.ए. झालेल्या उमेदवारास मुख्यतः कोणत्याही शाखेच्या पदवीधरांसाठी खुल्या असलेल्या परीक्षांतून नोकरी मिळवावी लागते.

पार्श्वभूमी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १९,५९,०४६ असून त्यात आठ तालुके आहेत. कापूस, सोयाबीन व मोसंबी ही पिके, तसेच बियाणे व लोखंडी सळई उद्योग हे जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचे आधार आहेत. राज्यातील विभागवार विकासाचा अनुशेष मोजणाऱ्या समितीचे अध्यक्षपद अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी भूषवले. १९८४ मध्ये सादर झालेल्या या समितीच्या अहवालानंतर मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा आकडेवारीच्या आधारे होऊ लागली.

शिक्षण

जिल्ह्यातील महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला १९९४ मध्ये सध्याचे नाव मिळाले. कला शाखेतून अर्थशास्त्र घेणाऱ्या अनेकांचा गणिताशी संबंध दहावी-बारावीनंतर तुटतो. पुढील उच्च शिक्षणात संख्याशास्त्र व अर्थमिती या विषयांत त्याची उणीव जाणवते.

शासकीय सेवा

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय आर्थिक सेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. तिला बसण्यासाठी अर्थशास्त्र किंवा त्याच्या उपशाखेतील पदव्युत्तर पदवी लागते. नागरी सेवा परीक्षेला मात्र कोणताही पदवीधर बसू शकतो आणि त्यात अर्थशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो.

राज्य पातळीवर नियोजन विभागाच्या अखत्यारीत अर्थ व सांख्यिकी संचालनालय कार्यरत आहे. 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' हे संचालनालयच तयार करते. त्याच्या जिल्हा कार्यालयामार्फत 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' प्रसिद्ध होते. पिके, पशुधन, शाळा, रस्ते, बँका आदींची माहिती संकलित करणे हे या कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे काम असते.

बँका व सहकार

बँकांतील लिपिक व परिविक्षाधीन अधिकारी ही पदे कोणत्याही शाखेच्या पदवीधरांसाठी खुली असतात. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातील अधिकारीपदासाठी मात्र अर्थशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण अपेक्षित असते. १९८२ मध्ये स्थापन झालेली नाबार्ड आपल्या जिल्हा विकास व्यवस्थापकांमार्फत प्रत्येक जिल्ह्याच्या कर्जक्षमतेचा आराखडा बनवते. शेतीकर्जाचा अभ्यास असलेल्या पदवीधरास हे काम जवळचे वाटते. सहकार खात्याची शासकीय सहकार व लेखा पदविका (जी.डी.सी. अँड ए.) मिळवलेल्यांना सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात प्रवेश मिळतो.

कृषी व उद्योग

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या महिकोमुळे जालना बियाणे उद्योगाचे केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, मोसंबीचा व्यापार आणि सळई कारखाने यांत बाजारभावांचा अभ्यास, मागणीचा अंदाज, खरेदी आणि हिशेब या कामांसाठी पदवीधरांची गरज असते. अशा नोकऱ्यांत पदवीइतकेच संगणकावर आकडेवारी हाताळण्याचे कौशल्य व शेतमालाच्या बाजाराची माहिती यांना महत्त्व असते.

अध्यापन व संशोधन

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवण्यासाठी पदव्युत्तर पदवीसह बी.एड. आवश्यक असते. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना सवलत) आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण होणे, अथवा पीएच.डी. अशी अर्हता असते. राज्यात अर्थशास्त्राच्या संशोधनाचे जुने केंद्र म्हणजे १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेली गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था.

मर्यादा

संशोधन व धोरणविषयक पदे प्रामुख्याने मुंबई, पुणे व दिल्ली येथे एकवटलेली असल्याने त्या दिशेने जाणाऱ्यांना जिल्हा सोडावा लागतो. स्पर्धा परीक्षांत जागा मर्यादित असतात आणि तयारीत अनेक वर्षे जातात. पदवीच्या काळातच संख्याशास्त्र, लेखाकर्म किंवा सहकार यांपैकी एखाद्या विषयाची जोड मिळवल्यास जिल्ह्यात राहूनही अधिक पर्याय उपलब्ध होतात.

हेही पहा

जालना जिल्हा
मराठवाडा
भारतीय आर्थिक सेवा
नाबार्ड